डबीतला वायसर

नागपूरच्या सक्करदऱ्यात श्रावण निमजे मिस्त्रीचं घर शोधायला कोणी फार भटकत नसे. विणकरांची वस्ती ती. सकाळ झाली की घराघरातून मागाची खटखट सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. ज्या घरातून काहीच आवाज येत नाही ते मिस्त्रीचं, एवढं सांगितलं की माणूस बरोबर पोचायचा.

त्या घरातही एकेकाळी माग होता. बापानं मरेपर्यंत त्यावर लुगडी विणली, आणि श्रावणची बायको जयवंता अंगणात बसून सुताच्या कांड्या भरायची. पण श्रावणचं मन धोट्यात कधी रमलंच नाही. साठ सालानंतर नागपूरच्या आसपास ट्रॅक्टर दिसायला लागले आणि हा गडी असा त्यांच्या मागे लागला, की बापानं अबोला धरला तरी फिरला नाही. एका वर्कशॉपात ग्रीस-ऑइलमध्ये लोळत शिकला आणि जुन्या ट्रॅक्टरांचा मिस्त्री झाला. पुढे बाप गेला. माग विकला. मग जयवंताही काविळीनं गेली. लेकरूबाळ नव्हतं. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो मागाचा खड्डा तेवढा घरात उरला. बुजवायचा म्हटला तर एक बैलबंडी मुरुमाचं काम! पण बुजवेल तर तो श्रावण कसला. तो त्याच खड्ड्यात पाय सोडून जेवायला बसे, आणि ताट घासायचा कंटाळा म्हणून भाजीच्या गंजातूनच खाई.

लोकांचंही काय सांगावं तुम्हाला! ट्रॅक्टर बंद पडला की मिस्त्री म्हणजे देव. कास्तकार बांधावरूनच हाक मारणार, बाज टाकणार, घाई करणार. आणि इंजिन एकदाचं धडधडलं की झालं. जो तो आपल्या नांगरटीला. मिस्त्री हात पुसत उभा आहे, त्याला घोटभर पाणी हवं असेल, हे कोणाच्या ध्यानात येईल तर शपथ. श्रावणला याचं वाईट वाटायचं. वाटणारच हो, माणूस आहे. पण सांगणार कोणाला? तो पिशवी उचलायचा आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत बसायचा.

त्याला बोलावणी यायची तीही एसटीनंच. शालिकराम नावाचा कंडक्टर नागपूर-नरखेड गाडीवर असे. त्या बाजूच्या गावातला ट्रॅक्टर बिघडला की लोक फाट्यावर शालिकरामला निरोप द्यायचे. तो संध्याकाळी नागपुरात उतरला की सायकलीनं घरी जाता जाता मिस्त्रीच्या दारातून ओरडायचा, "मिस्त्री, उद्या अमक्याकडं!" सायकलवरून उतरायचाही नाही. पण आवाज असा, की शेजारचे माग थांबायचे.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात असाच एक निरोप आला. नरखेडच्या अलीकडचं एक लहानसं गाव, संत्र्याची बाग, आणि बागेची मालकीण कौसल्याबाई. तिचा नवरा दोन वर्षांआधी विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळून गेला होता. घरात ती आणि तिची सासू रुख्माबाई, दोघीच. नवऱ्यानं हौसेनं घेतलेला निळा जुना ट्रॅक्टर होता आणि तो चालवायला बळीराम नावाचा गडी होता. तो निळा ट्रॅक्टर चालता चालता आचके द्यायचा आणि गप बसायचा.

श्रावणनं कान लावला, बॉनेटवर हात ठेवला आणि पाचेक मिनिटांत सांगितलं, "इंजिन हवा घेऊन राहिलं."

गोष्ट साधी होती. टाकीतून डिझेल आणणाऱ्या नळीच्या सांध्यात तांब्याची एक चकती असते, आठ आण्याच्या नाण्याएवढी, मध्ये भोक. तिला वायसर म्हणतात. हा वायसर झिजला की सांध्यातून हवा आत ओढली जाते, डिझेलमध्ये बुडबुडे होतात आणि एवढं मोठं धूड रस्त्यात बसकण मारतं. नवीन वायसर टाकला की काम फत्ते. पण त्या दिवशी नेमका त्या मापाचा वायसर श्रावणच्या पिशवीत नव्हता.

"बाई, चुलीत इंगळ हाय का?" त्यानं विचारलं.

अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल होती. कौसल्याबाईनं निखारे पुढे ओढले. श्रावणनं जुना वायसर चिमट्यात धरून निखाऱ्यावर ठेवला. तांबं लाल होईपर्यंत तापवायचं आणि चटकन पाण्यात सोडायचं. ते मऊ पडतं आणि सांध्यात पुन्हा चपखल बसतं. तात्पुरतं बरं का! काही महिने जातात आणि मग पुन्हा हवा. पण अडल्या वेळी मिस्त्री लोक असंच करतात.

तांबं तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात कौसल्याबाईनं चुलीच्या दुसऱ्या तोंडावर चहा ठेवला. थंडी होती, म्हणून तीही तिथंच बसली. रुख्माबाई ओसरीवर तंबाखू मळत होती.

"तुमच्या घरी कोन कोन हाय, मिस्त्री?" कौसल्याबाईनं विचारलं.

"मी हाय."

"अन्?"

"अन् मागाचा खड्डा हाय."

ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसायची थांबली. "नाव काय होतं तिचं?"

गेल्या कित्येक वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. "जयवंता," तो म्हणाला, आणि आपल्याच तोंडून ते नाव ऐकून चिमट्याकडे बघायचंच विसरला. चिमट्यातला वायसर केव्हाच लालबुंद झाला होता. रुख्माबाईच ओसरीवरून ओरडली, "अगा मिस्त्री, जाळतं का काय त्याले आता!"

ट्रॅक्टर सुरू झाला. पण या घरात ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मिस्त्रीला कोणी विसरलं नाही. म्हातारीनं त्याला ओसरीवर बसवून जेवू घातलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर मिरचीचा ठेचा, आणि "घे गा अजून, शयरातल्या मानसाचं पोट चिमनीचं असते" असा आग्रह. निघताना दुपट्ट्यात बांधून संत्री दिली. श्रावण म्हणाला, "पुढच्या खेपेले नवीन वायसर घेऊन येतो, मंग काही तरास नाही राहणार."

आणि बोलल्याप्रमाणे त्यानं दुसऱ्याच दिवशी नागपुरात तो वायसर घेतलाही. पत्र्याच्या छोट्या डबीत घातला आणि डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली. नवा कोरा, गुलाबी झाक मारणारा वायसर. माणूस अप्रामाणिक नव्हता, हे आधी सांगून ठेवतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर शालिकराम ओरडला, "मिस्त्री, उद्या कौसल्याबाईकडं!" श्रावण गेला. सांधा उघडला. डबी खिशातच होती. नुसतं झाकण उघडायचं. त्यानं खिशाशी हात नेला, आणि त्याच्या मनात आलं, हा बसवला की संपलं. मग हा ट्रॅक्टर दहा वर्षं बंद पडत नाही. मग शालिकराम या घराचं नाव घेऊन कधी ओरडत नाही. मग मी कोणत्या निमित्तानं येऊ? बाईमाणसाचं घर, त्यात विधवा. काम नसताना परका पुरुष अंगणात बसला तर गाव काय बोलेल, हे का त्याला कळत नव्हतं?

त्यानं हात मागे घेतला. "बाई," तो म्हणाला, "इंगळ हाय का?"

झालं! अशी ती सवय लागली. वर्षातून तीन-चार खेपा तरी व्हायच्याच. दर खेपेला तोच जुना वायसर तापायचा, दर खेपेला चहा उकळायचा, आणि त्या वेळात दोन माणसं चुलीपाशी बसून बोलायची. काय बोलायची? अहो, काही नाही. बागेला पाणी कसं पुरतं, सक्करदऱ्याचा तलाव यंदा किती आटला, जयवंताच्या हातच्या पाटोड्या कशा व्हायच्या, कौसल्याबाईचा नवरा कसा शिट्टी वाजवत यायचा. गावातल्या सगळ्या बाया श्रावणला 'भाऊ' म्हणत. कौसल्याबाई मात्र 'मिस्त्री'च म्हणायची. 'भाऊ' म्हणाली असती तर त्यानं मनाचं दार केव्हाच लावून घेतलं असतं. ती म्हणाली नाही, आणि तो त्या एका न म्हटलेल्या शब्दावर सक्करदऱ्याच्या मुक्या घरात महिनेच्या महिने काढायचा. एका खेपेपासून पुढच्या खेपेपर्यंत तो खरोखर फक्त वाट बघत असे, त्याला दुसरं काही आयुष्यच नव्हतं म्हणा ना.

रुख्माबाई कधीकधी कुरकुरायची. "नवीन नाही मिळत का गा तो वायसर?"

"या मापाचा नाही मिळून राहिला, माय," श्रावण म्हणायचा आणि मान खाली घालायचा. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. पण म्हातारीला लांबचं दिसत नव्हतं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. तो वायसर तापून तापून कागदासारखा झाला होता. आणि शेवटी जे व्हायचं तेच झालं. संत्र्याची तोड झाली, ट्रॉली भरून काटोलच्या बाजारात निघाली, आणि आडरानात ट्रॅक्टरनं हवा घेतली. बळीरामला काही जमेना. त्यात दोन दिवस अवेळी पाऊस लागला, एसटी बंद. शालिकरामला निरोप कोण देणार? बैल जुंपून ट्रॅक्टर घरी ओढून आणला तोवर ट्रॉलीतला खालचा सगळा थर सडून पाणी झाला होता.

निरोप पोचला तो वेगळाच होता. शालिकराम त्या दिवशी पहिल्यांदा सायकलवरून खाली उतरला. "मिस्त्री, कौसल्याबाईनं ट्रॅक्टर इकला जी. काटोलच्या गुलाबचंद शेठले. उद्या तो घ्यायले येनार हाय, एकदा चालू करून द्या म्हने."

श्रावण त्या संध्याकाळी चूल पेटवायलाही उठला नाही. खड्ड्यात पाय सोडून बसला. शेजारचे माग चालू होते, मग एकेक करून थांबले.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा कौसल्याबाईनं आधीच फावड्यावर निखारे घेऊन ठेवले होते. तिचं तोंड उतरलेलं होतं. "रागावू नका मिस्त्री," ती म्हणाली. "संत्रा सडला त्याचं दुख नाही एवढं. पन तुमाले किती धावडवावं मानसानं? दर तीन-चार महिन्यानं नागपुराहून बोलवाव, तुमी बिचारे धंदा सोडून याव. मलेच लाज वाटे. म्हून म्हटलं, इकून टाकू. तुमचा बी जीव सुटन."

बघा आता! हा तिच्यासाठी ट्रॅक्टर बिघडवत राहिला, आणि तिनं याच्यासाठी तो विकून टाकला. श्रावण मडगार्डला धरून उभा राहिला. आत्ता सांगितलं तरी सौदा फिरेल का? नाही फिरणार, बाईनं शब्द दिलेला. मग निदान शेवटचं काम तरी चोख करावं. त्यानं सांधा उघडला, जुना वायसर काढून फेकून दिला आणि खिशातून डबी काढली.

"इंगळ नाही पायजे आज?" फावडं धरून उभी असलेली कौसल्याबाई म्हणाली.

"नाही बाई. आज नवीन टाकतो."

तिनं वाकून डबीत पाहिलं. वायसर काळपट तपकिरी झाला होता, देवघरातलं न घासलेलं तांब्याचं भांडं होतं तसा. "हा नवीन?" ती म्हणाली. "हा तं काळा पडला, मिस्त्री. कधी घेतला होता?"

श्रावणनं काही तरी बोलून वेळ मारून नेली असती. पण इतक्या वर्षांत त्या अंगणात त्याला जे मिळालं होतं त्यापुढं आता खोटं त्याच्या तोंडातून निघेना. "पयल्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी," तो म्हणाला.

"मंग बसवला काहून नाही?"

"बसवला असता तं मी कोनत्या तोंडानं आलो असतो, बाई?"

ओसरीवर रुख्माबाईचा तंबाखू मळणारा हात थांबला. मग कौसल्याबाई बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग होता, आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, जे ती लपवू पाहत होती आणि लपत नव्हतं. "माही ट्रॉलीभर संत्रा सडवला तुमी! मह्या मालकाची एवढी एकच वस्तू होती घरात, ते बी गेली. अन् कायच्यासाठी? याव वाटे तं यायचं होतं ना! मी काय हाकलून दिलं असतं? मानसाले यायले बिघाडच लागते का?"

श्रावणचे डोळे भरून आले होते आणि हात डिझेलचे होते, पुसणार कसे? फावड्यावरच्या निखाऱ्यांवर राख चढत होती. तेवढ्यात दारात गुलाबचंद शेठची जीप येऊन थांबली आणि कौसल्याबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

श्रावणनं डबीतला वायसर बसवला आणि नळीतली हवा काढली. ट्रॅक्टर सुरू झाला, आणि काय चालला म्हणता! इतक्या वर्षांत त्या अंगणात तो तसा कधी चालला नव्हता. शेठ खूश झाला आणि बळीरामलाही गाडीबरोबर नोकरीला घेऊन गेला. निघताना रुख्माबाईनं नेहमीसारखी संत्री बांधून दिली. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर श्रावणच्या डोक्यात ते एकच वाक्य घोळत राहिलं. यायले बिघाडच लागते का? रोज ठरवायचा, उद्या जातो. रोज काहीतरी निघायचं. कधी वाटायचं, रागाच्या भरात बोलली असेल. कधी वाटायचं, नाही, तिनं बोलावलंच की आपल्याला! पोळा गेला, दिवाळी गेली. दिवाळीनंतर एके सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि निघाला. दारातून परत फिरून त्यानं औजारांची पिशवी खांद्याला लावली. नुसत्या हातानं चालणं त्याला जमेचना.

गाडी शालिकरामचीच होती. गर्दी खच्चून. तिकिटं फाडत शालिकराम जवळ आला आणि त्याला पाहून चकितच झाला. "अरे मिस्त्री! तुमी कुठं?"

"त्या बाजूले," श्रावण हळूच म्हणाला.

"त्या बाजूले कोनाकडं?" शालिकरामचा तो ठेवणीतला आवाज. "निरोप तं मी आनतो अन् मले तं कोनाचाच निरोप नाही! कोनाचा बिघडला जी? कौसल्याबाईचा तं इकला. मंग त्या गावात आता कोनाकडं?"

शालिकरामच्या मनात काही नव्हतं हो. साधा, भला माणूस. पण अख्खी गाडी वळून पाहायला लागली. पुढच्या बाकावर कौसल्याबाईच्याच गावच्या दोन बाया होत्या. त्यांतली एक दुसरीच्या कानाशी लागली. श्रावणला पुढचं सगळं दिसलं. आपण उतरू, त्या अंगणात जाऊ, आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल: कौसल्याकडं मिस्त्री येते, अन् ट्रॅक्टर तं नाही घरात! आपण परत नागपूरला येऊ. तिला तिथंच राहायचं आहे.

"काटोल," तो मोठ्यानं म्हणाला. "काटोलचं दे. सामान घ्याचं हाय."

काटोलला उतरला तेव्हा घ्यायचं काहीच नव्हतं. तो संत्र्याच्या बाजाराकडे तसाच चालत राहिला, आणि पाठीमागून त्याला इंजिनाचा आवाज आला. वळून पाहायची गरज नव्हती. निळा ट्रॅक्टर ट्रॉलीभर संत्री घेऊन चालला होता, एकसुरी, न अडखळता. बळीरामनं त्याला पाहिलं आणि इंजिन चालू ठेवूनच गाडी बाजूला घेतली.

"मिस्त्री! काय काम केलं जी तुमी त्या दिवशी! तवापासून एकदाबी हवा नाही घेतली. शेठ म्हनते, आता याले मिस्त्रीच नाही लागत."

श्रावणनं बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं, सगळं ठीक होतं. "गावाकडं जातं का कधी?" त्यानं विचारलं.

"जातो ना. हप्त्यातून एकदा जातोच." बळीराम जरा वाकला. "बाई इचारत असते तुमाले. परवाच म्हने, बळीराम, मिस्त्री दिसते का गा काटोलात कुठं? भेटले तं काय सांगू मी?"

श्रावणनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. सांगावंसं इतकं होतं, की बळीरामच्या हाती देण्यासारखं त्यातलं काहीच नव्हतं.

"सांग," तो शेवटी म्हणाला, "ट्रॅक्टर चांगला चालून राहिला म्हनाव."

"बस्स, एवढंच?"

"एवढंच."

बळीरामनं गियर टाकला. श्रावण रस्त्याच्या कडेला उभा राहून तो आवाज ऐकत राहिला, बाजाराच्या गलबल्यात मिसळेपर्यंत. एकदाही आचका आला नाही. मग तो स्टँडवर गेला आणि नागपूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला.